गोळ्यांच्या जागी मीठ

“बायचं काय, ती करंल सही. ती बोलते कवा?”

जनाकाका स्वयंपाकघरात काकीला सांगत होते. मी बाहेर पॅसेजमध्ये झेंडूचं ताट घेऊन उभी होते. बाय म्हणजे मी. कोलशेतच्या या घरात मला माझ्या नावानं कुणी हाक मारत नाही. ते नाव फक्त कागदावर लागतं.

तेलात वडा सोडल्याचा आवाज आला. मग काकी म्हणाली, “तरी एकदा विचारा तिला. मोठी झाली ती आता.”

“विचारायचं काय त्यात? वहिनीनं केली ना सही? बायची झाली का कागद ठाण्याला जातील. पुढच्या दसऱ्याला रायफल घरात.”

मी थोडं थांबले, ताटाची कड दाराच्या चौकटीला मुद्दाम लागू दिली आणि आत गेले. दोघंही हसले. काकांनी ताटातलं एक फूल उचलून माझ्या ओढणीवर ठेवलं आणि विचारलं, “डोंबिवलीवरून किती वाजता निघालात गो? खाल्लंस काय?” मी मान हलवली. माझं बरंचसं बोलणं असं मानेनंच होतं, हे काकांचं म्हणणं खोटं नाही.

दसरा ते दिवाळी या दिवसांना नीट नाव नाही. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते. दुपारी ऊन डोक्यात जातं आणि सकाळी खाडीवरून येणारा वारा मात्र अंगावर काटा आणतो. खारफुटीचा तो ओलसर, थोडा कुजकट वास टॉवरच्या विसाव्या मजल्यावरच्या लोकांना बहुतेक येत नसेल. आमच्या जुन्या घरात तो उंबरा ओलांडून आत येतो. या दिवसांत त्या वासात आणखी एक वास मिसळायचा, बंदुकीच्या तेलाचा. शिलाई मशिनच्या तेलासारखा, पण थोडा जड. यंदा तो नव्हता. दरवर्षी हा ऋतू परत आला की मला भाताची पेंढी, आकाशकंदील किंवा सुट्टी आधी आठवत नाही. मी बारावीत होते त्या वर्षीची, डोंगरातली एक सकाळ आठवते, आणि वाळक्या पानांवर वाकून पाहणारा माझा आजा.

रायफल आजाची. त्याच्या तरुणपणी आमची माणसं राबायची त्या मिठागरांचा मालक म्हातारा झाला तेव्हा त्यानं ती आजाला विकली, असं घरात सांगतात. आजानं रीतसर परवाना काढला. येऊरच्या पायथ्याशी तेव्हा आमचं शेत होतं. त्या जमिनीवर आता टॉवर उभे आहेत, त्यांची नावं इंग्रजी झाडांवरून ठेवलेली. शेत गेलं, मिठागरं गेली, रायफल राहिली. छोटीशीच, पॉइंट टू टू. तिच्या गोळ्या इतक्या लहान की माझ्या करंगळीच्या दोन पेरांत मावायच्या. खाली पितळ, वर शिशाचं गोल नाक.

दसऱ्याला ती कपाटातून निघायची. आजा सकाळी अंघोळ करून, सदरा न घालता, ओट्यावर बसून नळीतून कापड ओढायचा. मग देवाजवळ पाट, पाटावर लाल कापड, कापडावर कोयता, मीठ ओढायचं लाकडी फावडं, काकांच्या गाडीच्या चाव्या आणि मधोमध रायफल. तिच्यापुढं विड्याचं पान, पानावर गोळ्यांची ओळ. पूजा झाली की आजा आम्हा पोरांच्या तळहातावर एकेक गोळी ठेवायचा आणि लगेच परत घ्यायचा. “बग, किती हलकी,” म्हणायचा. दोन शेंगांएवढं वजन. त्यानं ते का दाखवलं असेल, याचा विचार मी फार उशिरा केला.

माझे वडील मी पहिलीत असताना गेले. आई मूळची डोंबिवलीची, तिचे आईवडील कोकणातून तिथं आलेले. ती मला घेऊन मावशीच्या शेजारच्या इमारतीत राहायला गेली, पण कोलशेत तिनं सुटू दिलं नाही. प्रत्येक सण, प्रत्येक सुट्टी. आईच्या माहेरची भाषा वेगळी, सासरची वेगळी, शाळेची तिसरी. मी प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी पाहुणी होते. पाहुण्यानं काय करायचं असतं, तर बघायचं, ऐकायचं आणि वाढलेलं संपवायचं.

काकांबद्दल आधी हे सांगायला हवं की माझ्या शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगला ते आले. पहिल्या रांगेत बसायचे. सगळं इंग्रजीत, त्यांना काही कळायचं नाही, आणि मी तर कायम गर्दीत मागे उभं राहणारं झाड किंवा ढग. तरी टाळ्या सगळ्यांत आधी त्यांच्या. मला स्कूटर त्यांनी शिकवली, टॉवरच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, गाडीच्या मागे धावत. “पड, पड, काय नाय होत,” असं ओरडत. आई मला काही बोलली की मी काकांच्या मागे लपायचे. त्यांच्या पाठीला घामाचा आणि अत्तराचा वास असायचा. वडिलांच्या पाठीला कसला होता, ते मला आठवत नाही.

मी बारावीत होते त्या वर्षी दसऱ्यानंतर आजाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ठाण्याच्या दवाखान्यातून तो काळा चष्मा लावून परत आला आणि आतल्या खोलीत, पडदे ओढून पडून राहू लागला. कपाटाची किल्ली त्या दिवसांत काकांकडे होती.

एका दुपारी काकांचे दोन मित्र आले. हॉलमध्ये बसले. काकांनी मला हाक मारली, “बाय, हिकडं ये गो. हे वाच जरा. इंग्लिश हाय सगलं.”

फोनवर परदेशातल्या शिकाऱ्यांचं एक पान होतं. प्रश्न असा होता, की छोट्या मापाच्या रायफलीनं हरीण मारायचं तर गोळी कुठली निवडावी. खाली उत्तरांची लांबच लांब रांग. मित्रांपैकी एकाचं आंबिवलीच्या पलीकडे, डोंगराला लागून फार्महाऊस होतं आणि तिथं संध्याकाळी उंबराखाली भेकर येतं, हे मला त्यांच्या बोलण्यातून कळलं.

“आपल्याकडे शिकार बंद आहे ना काका?” मी विचारलं. इतक्या हळू, की मला स्वतःलाच ऐकू आलं.

“कोन शिकार करतंय?” मित्र म्हणाला. “मच्छर मारतोय आम्ही.” सगळे हसले.

“तू वाच तर,” काका म्हणाले. मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. ते उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. “हां. आता बोल. मना ऐकू येयाला पाहिजे.”

माझ्या आवाजासाठी कुणी पंखा बंद करावा, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. ऑक्टोबरची ती दुपार, घामानं सोफ्याला चिकटलेली तीन मोठी माणसं, आणि सगळी माझ्याकडे पाहत होती. मी वाचू लागले. एक ओळ इंग्रजी मनात, एक ओळ मराठी तोंडात.

ती माणसं खूप दूरची होती. त्यांच्याकडे हरणाचा सीझन असतो, आपल्याकडे आंब्याचा असतो तसा. तो उघडतो आणि बंद होतो. परवानगी काढावी लागते. ती छोट्या मापाबद्दल फार गंभीरपणे भांडत होती. कुणी म्हणत होतं, धक्का कमी बसतो म्हणून पोरांच्या हातात छोटीच द्यावी. कुणी म्हणत होतं, हलकी गोळी हाडाला लागली की फुटते आणि वरच राहते. एका म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, की जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबावं, आणि नाही राहिलं तर घरी जावं, घरी जाण्यात काही कमीपणा नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

मग आमच्या मापाची गोष्ट आली. “आपल्यासारखी जी असते,” मी म्हणाले, “ती हरणासाठी नाहीच, असं सगळेच लिहितायत. तिकडे बऱ्याच ठिकाणी तिला बंदी आहे. जनावर मरत नाही लवकर, जखमी होऊन पळतं.”

काकांनी घरातले दोन डबे आणले आणि गोळ्या सोफ्यावरच्या चादरीवर ओतल्या. एका डब्यातल्या गोळ्यांचं नाक भरीव, दुसऱ्या डब्यातल्यांचं टोकाला पोकळ.

“ही का ती?”

“दोन्ही नाहीत, असं लिहिलंय.”

काका थोडे विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. “अगं, तिकडचं हरन केवढं असतं? घोड्याएवढं. आपलं भेकर बोकडाएवढं. मंग घोड्याला नाय चालत ती बोकडाला चालंल का नाय?”

“बरोबर,” मित्र म्हणाला. “हिशोबच आहे तो.”

मी पान वर-खाली केलं. त्या इतक्या जाणत्या माणसांत भेकराला कुणी ओळखत नव्हतं. माझ्या शाळेच्या पुस्तकातही डी फॉर डिअर होतं, डोक्यावर झाडासारखी शिंगं असलेलं, मागे बर्फ. जे जनावर आमच्या घरापासून गाडीनं तासाभरावर उंबराची फळं खात होतं, त्याच्याबद्दल मला येणाऱ्या भाषेत एक ओळ नव्हती. आणि ज्याला ते माहीत होतं तो आतल्या खोलीत, पडद्याआड, काळा चष्मा लावून झोपला होता. त्याला उठवावं असं कुणालाच वाटलं नाही. घरात इंग्रजी वाचणारी मुलगी होती ना.

“दोघांतली बरी कुठली, तेवढं सांग,” काका म्हणाले.

मी वाचून सांगितलं. पोकळ टोकाची लवकर फुलते पण वरच थांबते, भरीव आत जाते पण भोक लहान पाडते. त्यांनी भरीव निवडली. पोकळवाल्या परत डब्यात गेल्या. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मित्रांना म्हणाले, “बघितलंस? असं शिक्षण पाहिजे.” मग पंखा पुन्हा लावला.

ते तिघं रायफल घेऊन गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. मला वाटलं, काही दिसलंच नसेल. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना काका काकीला हळूच सांगत होते, “लागली होती गो. उडालंच ते, पन पडलं नाय. रक्त दिसलं जरा लांबवर, मंग अंधार झाला.”

आजा पाटावर बसून, चष्मा लावून, चाचपडत कालवणात भाकरी बुडवत होता. त्याचा हात थांबला. पान संपवलं, हात धुतले, भिंतीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, “जना, उद्या सकाली जायाचं.”

“कुठं बाबा?”

“जिथं सोरून आलास तिथं.”

“तुमचे डोले…”

“बाय येल. तिचे डोले चांगले हायत.”

आई नको म्हणाली. डॉक्टरांनी धूळ, ऊन, काही नको म्हणून सांगितलं होतं. आजानं ते ऐकलंही नाही.

आंबिवलीच्या पुढे गाडी आत वळली तेव्हा दोन्ही बाजूंना भात कापून आडवा पडला होता. कापलेल्या भाताला गोड वास असतो, थोडा दुधासारखा. बायका वाकून पेंढ्या बांधत होत्या. कुणीही आमच्याकडे पाहिलं नाही. मी खिडकी थोडीशी उघडून बसले होते. आजा पुढच्या सीटवर, मांडीवर रिकामे हात.

उंबराखाली फळं पडून फुटली होती, त्यांवर माश्या. काकांनी दाखवलं, इथं ते उभं होतं, तिथं आम्ही. अंतर मला जवळच वाटलं. मग आजानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “चल. खाली बघत चल. लाल बघू नको, कालं बघ.”

सुकलेलं रक्त सागाच्या पानावर पानाचाच डाग वाटतं. पहिला सापडायला फार वेळ लागला. तो सापडल्यावर आजानं त्याच्यावर एक दगड ठेवला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. गवत माझ्या कमरेपर्यंत होतं, वरून वाळलेलं, बुडाशी अजून ओलं. कुसळं सलवारीला टोचत होती. माझ्या खांद्यावरचा आजाचा हात जड होत गेला, कारण चढ होता. काका मागून येत होते. मागे वळून पाहिलं तेव्हा आमच्या दगडांची ओळ दिसत होती. सरळ नव्हती. कुठं वळलेली, कुठं एकाच जागी गोल फिरलेली. ते किती घाबरलं होतं ते त्या ओळीवरून कळत होतं. इतकं स्पष्ट मी कुठल्याही भाषेत काही वाचलेलं नाही.

ओहोळाशी डाग संपले. पलीकडच्या काठावर गवत एका जागी दबलेलं होतं, वासरू बसून उठल्यावर दबतं तसं. मधोमध काळं, आणि त्यावर मुंग्या. तिथं ते बसलं होतं. मग तिथूनही उठलं होतं. त्यापुढं काही नाही. आम्ही पुष्कळ शोधलं. मी करवंदीच्या जाळ्यांत शिरले, हात ओरबाडले, दरीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. काही नाही.

वरच्या डोंगरात कुठंतरी एक भेकर भुंकलं. मी त्याआधी तो आवाज ऐकला नव्हता. कुत्र्यासारखा, पण कुत्रा एवढं थांबून थांबून भुंकत नाही. एक भुंकणं, मग खूप शांतता, मग दुसरं. दुसरंच कुणीतरी होतं ते. किंवा तेच, मला काय माहीत.

आजानं चष्मा काढला. डोळे लाल झाले होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं. ते ऑपरेशनमुळे असेल.

“मेलं असंल बाबा एव्हाना,” काका म्हणाले.

“मेलं असतं तं बरं होतं,” आजा म्हणाला. “ल्हान गोलीनं मरत नाय, लांब जातं.”

तो चिडला नव्हता. एखाद्याला रस्ता सांगावा तसं बोलला. काका ओहोळात उतरले, उकिडवे बसले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. त्यांची पाठ मला दिसत होती. मी लहानपणी जिच्यामागे लपायचे ती पाठ. त्या क्षणी तिच्यामागे लपायला जागा नव्हती, कारण काकाच तिच्यामागे लपले होते.

पुढच्या वर्षी दसऱ्याला पाट मांडला गेला, लाल कापड आलं, कोयता, फावडं, चाव्या, रायफल. विड्याच्या पानावर आजानं गोळ्या मांडल्या नाहीत. स्वयंपाकघरातून वाटीभर जाडं मीठ मागवलं आणि त्याची लहानशी रास केली.

“गोल्या?” काकांनी विचारलं.

“त्या कपाटात ऱ्हातील. हिथं मीठ बसंल.”

काकांनी वाद घातला नाही. मिठाला हळदकुंकू लागलं, फूल वाहिलं. त्यानंतर तो जिवंत होता तोवर दर दसऱ्याला मीठच. पूजा झाली की तो आमच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवायचा, पूर्वी गोळी ठेवायचा तसं. ते मात्र परत घ्यायचा नाही. मी ते जिभेवर ठेवायचे. सगळ्या दिवसाची गोड चव त्यानं मोडायची.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. समोरच्या टॉवरमध्ये एकेक खिडकी पेटत होती. आजा एकदम म्हणाला, “तुला पायजे कं ती?” कशाबद्दल ते मला लगेच कळलं. मी मान हलवून नाही म्हटलं. “मंग कोनाला?” त्यानं विचारलं. मी काही बोलले नाही. त्याला घाई नव्हती, तो वाट पाहत बसला, मग डास चावायला लागले आणि आम्ही आत गेलो. उन्हाळ्यात तो झोपेतच गेला. प्रश्न माझ्याकडे राहिला.

परवानेदार गेल्यावर हत्यार पोलिसांकडे जमा करावं लागतं. वारसांपैकी कुणाला ते हवं असेल तर बाकीच्यांनी आपली हरकत नाही असं लिहून द्यायचं. वडिलांच्या जागी आई आणि मी. आईनं सही केली. तिला सासरी शांतता हवी आहे, आणि ती तिला सहजासहजी मिळालेली नाही, म्हणून मी तिला काही विचारलं नाही. या दसऱ्याच्या आदल्या रात्री डोंबिवलीच्या घरी कपड्यांच्या घड्या घालताना ती एवढंच म्हणाली, “तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. तू सांगत नाहीस. पण काकांनी तुझ्यासाठी काय काय केलंय ते लक्षात ठेव.”

लक्षात आहे. तेच तर अवघड आहे. परक्या माणसाला नाही म्हणायला मला फारसं काही लागलं नसतं.

तर यंदाचा दसरा. पाट मांडला होता. लाल कापड, कोयता, फावडं. फावड्याची पात आता वाळवीनं कोरलेली आहे. चाव्या, माझ्या चुलतभावाचा लॅपटॉप. मधली जागा मोकळी. काकांनी तिथं कापडाची एक घडी लांबट करून ठेवली होती, रायफलीच्या आकाराची. त्यांनी ते प्रेमानं केलं होतं, हे मला दिसत होतं. आजा त्यांनाही आठवत होता. काकी सवयीनं मिठाची वाटी घेऊन आली.

“ते कशाला आता?” काका म्हणाले.

“दरवर्षी ठेवतो ना.”

“बाबा ठेवायचे. त्यांचं वेगलं होतं. आता पुढच्या साली गोल्याच ठेवू, पहिल्यासारख्या.”

काकी वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईनं पदर सारखा केला.

पूजा झाली. आपट्याची पानं वाटून झाली. वडे आले, सरबत आलं. हॉलमध्ये पंखा जोरात फिरत होता आणि पानं सतरंजीवरून सरकत होती. काकांनी कागद आणून माझ्यापुढं ठेवला, उडू नये म्हणून त्यावर पेन. “हिथं, बघ, खाली. निवांत कर, घाई नाय.” आणि मग, मी पेन उचलायच्या आतच, त्यांनी खिशातून फोन काढला. त्यांच्या चेहऱ्यावर तोच जुना उजेड होता, गॅदरिंगच्या पहिल्या रांगेतला.

“आणि हे बघ गो बाय. नवीन गोल्या आल्यात. ल्हानच हायत, पन जोरात जातात बोलतात. इंग्लिशमधी हाय सगलं. तू वाचून सांग मना, आपल्याला कुठली बरी.”

मी फोन घेतला. तेच पान नव्हतं, पण माणसं त्याच जातीची. दूरच्या कुठल्यातरी थंड गावात बसून ती अजूनही भांडत होती, की किती लहान चालेल. मी दोन ओळी वाचल्या. तिसऱ्या ओळीवर नजर गेली आणि अक्षरांच्या जागी मला सागाची पानं दिसू लागली, त्यांवरचे काळे ठिपके, दगड ठेवत जाणारा हात. ओहोळापलीकडचं ते दबलेलं गवत. इतक्या वर्षांत ते गवत किती वेळा वाळलं असेल आणि पुन्हा उगवलं असेल. तरी मला ते दबलेलंच दिसतं. ते जनावर कुठं थांबलं असेल, हे मला कधीच कळणार नाही. माझ्या मनात ते अजून चालतंच आहे, दरवर्षी या दिवसांत, भात कापला गेला की.

सगळे आपापल्या बोलण्यात होते. चुलतभाऊ सरबत मागत होता. आई मावशीला फोनवर दसऱ्याच्या शुभेच्छा देत होती. काकी अजून वाटी धरून देवाजवळ उभी होती. मी फोन काकांच्या हातात परत दिला. पेन उचलून कागदावरून बाजूला ठेवलं. कागद पंख्याच्या वाऱ्यानं उचलला गेला आणि काकांच्या गुडघ्याला जाऊन चिकटला. ते हसून माझ्याकडे पाहत होते, वाट बघत होते की मी वाचायला सुरुवात करीन. त्यांना वाटलं असावं, मी नेहमीसारखी लाजते आहे. पंखा बंद करायला ते उठू लागले. मी त्यांच्या हाताला धरून त्यांना खाली बसवलं. मग उठून काकीच्या हातातली वाटी घेतली, पाटापुढं बसले आणि विड्याच्या पानावर मिठाची रास केली. थोडं मीठ लाल कापडावर सांडलं.

काकांकडे वळले तेव्हा ते हसत नव्हते. पंख्याचा आवाज मोठा होता. त्याच्यावरून ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं,

“काका, माझी हरकत आहे.”